पायपिंग साहित्याचे वर्गीकरण व संकेतांकन

पायपिंग साहित्याचे वर्गीकरण व संकेतांकन : तेलशुद्धीकरण, खत, वीजनिर्मिती यांसारख्या प्रकल्पांत मोठ्या संख्येने लागणारे पाइप, एल्बो, टी, रिड्यूसर, फ्लँज, गॅस्केट, स्टड बोल्ट व हाताने चालवायचे व्हॉल्व्ह यांचे गुणधर्मांनुसार गट पाडून प्रत्येक प्रकाराला एकच कोड देण्याची पद्धत. पंपाला किंवा कंट्रोल व्हॉल्व्हला स्वतःचा टॅग क्रमांक असतो; या साहित्याला तो नसतो. एकाच प्रकारचे शंभर एल्बो बिनदिक्कत एकमेकांच्या जागी बसतात, म्हणून त्या शंभरांचा कोड एकच. दोन वस्तूंची अदलाबदल करता येते का, हीच खरी कसोटी आहे.

वर्णन ठरावीक क्रमाने होते : वस्तू, बनावट, टोकांचा प्रकार, मटेरियल, दाबवर्ग वा भिंतीची जाडी, मापांचे मानक. उदाहरणार्थ, सीमलेस पाइप, बेव्हल टोके, एएसटीएम ए106 ग्रेड बी, शेड्यूल 40, एएसएमई बी36.10एम. अनेक कॅटलॉगांत साइज यापासून वेगळी ठेवतात. साइज वगळून बनलेल्या या कोडला कमोडिटी कोड म्हणतात; त्याला साइज जोडली की खरेदीचा नेमका कोड तयार होतो. ही विभागणी शहाणपणाची आहे, कारण पायपिंग क्लासमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या वापरासाठी ठरवलेल्या साहित्याच्या यादीत, एकच ओळ अर्ध्या इंचापासून चोवीस इंचांपर्यंतच्या साइजना पुरू शकते.

खरी कठीण बाब म्हणजे एकाच वस्तूची दोन नावे. शेड्यूल 40 आणि ‘स्टँडर्ड’ यांची जाडी दहा इंचांपर्यंत सारखीच असते. तिथे दोन कोड ठेवले, तर एकाचा साठा पडून असताना दुसऱ्याची नवी ऑर्डर जाते. बारा इंचांना मात्र शेड्यूल 40 म्हणजे 10.31 मिमी आणि स्टँडर्ड म्हणजे 9.53 मिमी. इथे कोड एकत्र केले, तर पातळ पाइप जाड पाइपच्या जागी लागू शकतो. 304 आणि 304एल या दोन्ही ग्रेडच्या अटी पुऱ्या करणारा पाइप एकाच दुहेरी प्रमाणपत्रावर मिळतो; त्याचा कोड काय असावा, हे कॅटलॉग सुरू करण्याआधीच ठरवावे लागते.

कोडातील प्रत्येक अक्षराला अर्थ द्यावा, की नुसता अनुक्रमांक असावा, यावर मतभेद आहेत. अर्थवाही कोड साइटवर पाहताक्षणी वाचता येतो, पण मटेरियलसाठी राखलेल्या दोन जागा भरल्या की रचनाच मोडते. म्हणून गुणधर्म डेटाबेसच्या स्वतंत्र रकान्यांत ठेवून वर्णन त्यांतून आपोआप तयार करणे अधिक भक्कम. हाताने टाइप केलेली वर्णने हेच दुबार कोडांचे मोठे कारण असते.

भारतात आयएस 1239 नुसारचे पाइप हलके, मध्यम व जड अशा तीन वर्गांत मिळतात. बाजारात त्यांना ए, बी, सी क्लास म्हणतात आणि ते अनुक्रमे पिवळ्या, निळ्या व लाल पट्ट्यांनी ओळखतात. त्यांतील 150 एनबी (नॉमिनल बोअर) पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे 165 मिमी, तर बी36.10एममधील सहा इंची पाइपचा 168.3 मिमी. दोहोंना ‘सहा इंची’च म्हणतात, त्यामुळे कॅटलॉगात मानकाचे नाव कोडाचा भाग असल्याशिवाय त्यांना वेगळे ठेवता येत नाही.