मशीन आपलं, रांग कोणाची?

आमच्याकडे दिवाळी उलटली की पारावर, दवाखान्यात, किराणा दुकानात एकच चौकशी असते: "तोड आली का?" ऊस आपला, रान आपलं, पाणी आपल्या मोटारीचं. पण तो कधी तुटणार हे कारखान्याच्या शेतकी विभागाच्या यादीत ठरतं. लागणीची नोंद कोणत्या तारखेची, जात कोणती, टोळी मोकळी आहे का, यावर सगळं. स्लीपबॉय बांधावर आला की त्याला आधी चहा. नाही आला तर ऊस उभाच राहतो, तुरे येतात, वजन घटतं, आणि आमचे अण्णा रोज सकाळी बांधावर जाऊन नुसते बघून येतात.

२०२५ च्या डिसेंबरात मी शेवगावातल्या आमच्या माडीवर, तीन जुन्या संगणकांच्या घरघरीत बसून गिटहबची एक घोषणा वाचत होतो, तेव्हा मला तो स्लीपबॉय आठवला. घोषणा अशी होती की तुम्ही तुमच्याच मशीनवर काम चालवत असाल, तरी खाजगी कोडसाठी मार्च २०२६ पासून मिनिटाला ०.००२ डॉलर द्यावे लागतील. म्हणजे हजार मिनिटांना दोन डॉलर. मशीन माझं, वीजबिल माझं, इन्व्हर्टरची बॅटरी माझी. मग पैसे कशाचे? रांगेचे.

हे नीट कळायला थोडं मागे जावं लागेल.

तुमच्या फोनवरचं ॲप अपडेट होतं, त्याआधी कुठेतरी एका संगणकाने त्याचा कोड गोळा केलेला असतो, जोडलेला असतो, चाचण्या घेतलेल्या असतात. याला बिल्ड म्हणतात. एकेकाळी हे माणसं हाताने करत. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन नावाच्या प्रोग्रामरची एक अख्खी सकाळ वाया गेली. चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती, फक्त ती फाइल नव्याने कंपाइल करायची राहिली होती, आणि तो बरोबर असलेल्या प्रोग्रामात चूक शोधत बसला होता. त्याने ही तक्रार स्टुअर्ट फेल्डमनकडे केली आणि त्यातून ‘मेक’ हे साधन जन्मलं. काय बदललं ते बघायचं आणि तेवढंच पुन्हा बांधायचं. जवळपास पन्नास वर्षं झाली, अजून वापरात आहे.

पण मेक प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर चालायचं. दहा जणांचा कोड एकत्र केल्यावर काय होतं, हे त्याला ठाऊक नसायचं. २००१ मध्ये थॉटवर्क्स या कंपनीतल्या लोकांनी ‘क्रूझकंट्रोल’ आणलं. कोपऱ्यातला एक संगणक सतत कोडवर नजर ठेवणार, बदल दिसला की बिल्ड करणार. काही ठिकाणी लोकांनी त्याला लाल-हिरवे लाव्हा दिवे जोडले होते. बिल्ड मोडली की लाल दिव्यात बुडबुडे. सन मायक्रोसिस्टम्समध्ये कोहसुके कावागुची वारंवार बिल्ड मोडायचा आणि सहकाऱ्यांचा राग ओढवून घ्यायचा. आपली चूक दुसऱ्याच्या आधी आपल्याला कळावी म्हणून २००४ च्या सुमारास त्याने ‘हडसन’ लिहायला घेतलं. पुढे ऑरेकलने सन विकत घेतली, नावाच्या हक्कावरून वाद झाला, आणि २०११ मध्ये बहुतेक मंडळी कोड घेऊन वेगळी झाली. नवं नाव ‘जेन्किन्स’. कोड सगळ्यांचा होता, नाव मात्र कंपनीचं निघालं.

जेन्किन्सच्या काळात मशीनही तुमचं आणि रांगही तुमची. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, हे तुमच्याच खोलीतला संगणक ठरवायचा. त्याची देखभालही तुमच्याच बोकांडी. मी माझ्या पहिल्या नोकरीत जेन्किन्स सांभाळला आहे. एक प्लगइन अपडेट केलं की दुसरी तीन रुसायची. म्हणून ढगातल्या सेवा आल्या तेव्हा लोक आनंदाने तिकडे गेले. गिटहबने २०१८ मध्ये ‘ॲक्शन्स’ जाहीर केलं, २०१९ च्या नोव्हेंबरात ते सर्वांना खुलं झालं. खाजगी कोडसाठी महिन्याला २००० मिनिटं फुकट, सार्वजनिक कोडसाठी तेही बंधन नाही.

फुकटच्या मिनिटांचं पुढे काय झालं ते २०२० मध्ये दिसलं. गिटलॅबने ऑक्टोबरात फुकट मिनिटं २००० वरून ४०० केली. नोव्हेंबरात डॉकर हबने न ओळखता येणाऱ्या वापरकर्त्याला सहा तासांत शंभरच इमेज उतरवता येतील असं ठरवलं. त्याच महिन्यात ट्रॅव्हिस सीआयने मुक्त प्रकल्पांना दिलेली मोकळीक आवरली. कारणं वेगवेगळी होती. त्यांतलं एक, आणि ते खोटंही नव्हतं: लोक फुकटच्या मशीनवर क्रिप्टोचं खाणकाम करत होते.

मग उरला मधला मार्ग. रांग त्यांची, मशीन आपलं. यालाच सेल्फ-होस्टेड रनर म्हणतात.

मी तो शेवगावात लावला तो पैशासाठीच. एका ग्राहकाची बिल्ड चाळीस मिनिटं खायची, महिना अर्धा होईपर्यंत २००० मिनिटं संपायची. नगरहून तीन जुने डेस्कटॉप आणले, त्यांवर ‘के-थ्री-एस’ टाकलं. हे कुबरनेटीसचं हलकं रूप, लहान मशीनसाठी केलेलं. कुबरनेटीस गूगलने २०१४ मध्ये खुलं केलं. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. डॉकरचे कंटेनर म्हणजे डबे, आणि कुठला डबा कुठल्या मशीनवर चढवायचा, एक मशीन बंद पडलं तर त्यावरचं काम दुसरीकडे कसं उभं करायचं, हे तो बघतो.

मला भीती होती ती इंटरनेटची. आमच्या फायबरला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही, बाहेरून कुणी माझ्या खोलीपर्यंत पोचूच शकत नाही. पण रनरला बाहेरून हाक मारावी लागत नाही. तोच आतून विचारत राहतो, "काम आहे का, काम आहे का?" काम आलं की क्लस्टरमधला कंट्रोलर नवा पॉड उभा करतो, त्यात एकदाच चालणारा रनर नाव नोंदवतो, एक काम करतो आणि पॉडसकट नाहीसा होतो. पुढच्या कामाला कोरी पाटी. आधीच्या बिल्डची उष्टी फाइल पुढच्या बिल्डमध्ये येण्याचा प्रश्न उरत नाही. जॉन्सनची ती सकाळ आठवा.

सुरुवातीला मी हे मित्रांना समजावताना मुकादम आणि टोळीची उपमा द्यायचो. आता देत नाही. पाथर्डी-शेवगावकडची माणसं कोयता घेऊन सहा-सहा महिने घर सोडतात. पॉड संपतो तेव्हा कुणाच्या अंगावर उचल शिल्लक राहत नाही.

चुकाही केल्या. एक छोटा सार्वजनिक प्रकल्प होता, तोही याच रनरला जोडला. आठवड्याने डोक्यात प्रकाश पडला: कुणीही अनोळखी माणूस त्या प्रकल्पात बदल सुचवू शकतो, आणि तो बदल तपासायला त्याचाच कोड माझ्या माडीवरच्या मशीनवर चालणार. त्यातून मी इमेज बांधता याव्यात म्हणून पॉडला विशेषाधिकार दिलेले, म्हणजे घराच्या किल्ल्याच. गिटहबची कागदपत्रं हे करू नका असं स्पष्ट सांगतात. मी ती नंतर वाचली. सुदैवाने त्या आठवड्यात कुणी फिरकलं नव्हतं.

या जिल्ह्याला हा मामला नवा नाही. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० मध्ये गाळप सुरू झालं, तेव्हा मुद्दा हाच होता. खाजगी कारखानदाराच्या दाराशी उभं राहण्यापेक्षा चरक आपला असावा. चरक आपला झाला. पण साखरेचा ठरावीक हिस्सा कमी भावाने लेव्ही म्हणून सरकारला द्यावा लागे, तो थेट २०१३ पर्यंत. उरलेली साखरही किती विकायची याचा कोटा दिल्लीहून. आणि सभासदाचा ऊस कधी तुटणार, ते पुन्हा यादीत.

पुण्यातली गोष्टही याच वळणाची. अमेरिकेने हवा तो महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली, आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ तयार झाला. एक अजस्र प्रोसेसर नव्हे, अनेक लहान प्रोसेसर जोडून केलेलं काम. माझ्या तीन डेस्कटॉपांनी त्याला पणजोबा म्हणायला हरकत नाही. ते लहान प्रोसेसर, ट्रान्सप्युटर, ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते. एक दार बंद झालं म्हणून स्वतःचं घर बांधलं, आणि विटा पुन्हा दुसऱ्याच्या भट्टीतून आल्या. याने त्या कामाची किंमत कमी होत नाही, असं मला वाटतं.

तर डिसेंबरातली घोषणा. गिटहबचं म्हणणं अगदीच वेडं नव्हतं: रांग सांभाळणं, नोंदी ठेवणं, कामं वाटणं याला खर्च येतो, आणि स्वतःचं मशीन वापरणारे तो देत नाहीत. पण जगभर इतकी ओरड झाली की शुल्क लगेच पुढे ढकललं गेलं. रद्द केलं असं कुणी म्हटलं नाही.

मी जानेवारीत ‘फोर्जेयो’ लावून पाहिलं. हे गिटहबसारखंच, पण पूर्ण आपल्या मशीनवर चालणारं. कोड, रांग, रनर सगळं घरचं. ग्राहकाने त्याचा कोड हलवायला नकार दिला, त्यात त्याचं चूक नाही. माझा स्वतःचा एक प्रकल्प तेवढा मी आणला. पहिली बिल्ड रात्री अकराला लावली आणि झोपलो. मध्यरात्री लाइट गेली, पहाटे इन्व्हर्टरही बसला.

पूर्वी असं झालं की गिटहबच्या रांगेत काम चोवीस तास थांबून राहायचं. लाइट आली की रनर उठून ते उचलायचा. या वेळी रांगही त्याच बॅटरीवर होती. सकाळी मशीन सुरू केली तेव्हा बिल्ड अर्ध्यात तुटलेली आणि तिच्या नोंदीची शेवटची ओळही अपुरी. मी खाली आलो तर अण्णा बांधावरून परतत होते.

"तोड आली का?" मी विचारलं.

"सोमवारी म्हणतोय," ते म्हणाले. "तुझं?"