नांगर विकणारे मासिक



घरातल्या तरुण पिढीत कोण काय काम करते हे चारचौघांत सांगणे आताशा मला अवघड जाते. पूर्वी शिक्षक, डॉक्टर, बँकेत कारकून, एस.टी.त कंडक्टर, एवढ्या उत्तरावर भागत असे. माझी एक भाची मात्र "कंटेंट मार्केटिंग"मध्ये आहे. म्हणजे काय ग बाई, असे विचारले तर म्हणाली, "मावशी, आम्ही जाहिरात नाही करत. लोकांच्या उपयोगाचे लिहितो. ते वाचून लोक आपणहून कंपनीकडे येतात. जाहिरातीचे दिवस गेले आता. हे सगळे नवीन आहे."

नवीन आहे म्हटल्यावर माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली. तीसेक वर्षे शाळेत सनावळ्या शिकवल्यामुळे "हे पहिल्यांदाच होते आहे" असे कुणी म्हटले, की मी आधी मागची पाने उलटून बघते. या बाबतीत तर फार मागे जायला नको. कुंडलपर्यंत गेले तरी पुरे!

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. तिथून ते शेतीच्या अवजारांकडे वळले. आधी कडबा कापायचे यंत्र आणि मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर. नांगर उत्तम होता, पण खपेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी त्या वेळच्या शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. एवढे बहुतेकांना ठाऊक असते, निदान आमच्या वयाच्या लोकांना तरी.

आता जरा दुकानदाराच्या जागी उभे राहून विचार करा. ज्याला लोखंडाचीच भीती वाटते त्याला "आमचा नांगर सर्वोत्तम" असे वर्तमानपत्रात छापून काय उपयोग? त्याला सर्वोत्तम नांगर नकोच आहे, कारण लाकडी नांगराने त्याच्या आजोबांचे चालले होते. त्याला आधी समजावून सांगायला हवे, की खोल नांगरट का करायची, हरळी मुळापासून का काढायची, बैलांना ओढ किती पडते, फाळ झिजला तर काय करायचे. हे काम जाहिरातीच्या चार ओळींत होणारे नव्हते. तिथे शिक्षकच हवा.

हे ज्यांनी ओळखले ते शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे 'शंवाकि'. लक्ष्मणरावांचे पुतणे. मूळचे चित्रकार, पंडित सातवळेकरांच्या हाताखाली लाहोरला शिकलेले. कारखान्याच्या जाहिरातींचे काम त्यांच्याकडे होते. १९२० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. उद्देश साधा होता. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचावी. म्हणजे माझी भाची आज जे करते तेच. फक्त शंभर वर्षांपूर्वी, खिळे जुळवून आणि पोस्टाची तिकिटे चिकटवून!

पण गंमत पुढे आहे. या पत्राला हळूहळू स्वतःचे पाय फुटले. कारखान्याची खबर मागे पडली आणि उद्योग, विज्ञान, प्रवास, कथा, समाजसुधारणा असे सगळे पुढे आले. नावातली 'खबर' गळून नुसते 'किर्लोस्कर' राहिले. १९३० मध्ये 'स्त्री' निघाले आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध १९३०च्या दशकात 'किर्लोस्कर'मधून लोकांनी वाचले. त्यातल्या सुधारकी मतांनी जुन्या वळणाचे वाचक चिडतही. आता बघा हं, नुसता माल खपवायचा असता तर गिऱ्हाइकाला चिडवील असे कोणता व्यापारी छापेल? तिथे जाहिरात संपली होती आणि दुसरेच काहीतरी सुरू झाले होते.

आमच्या घरी 'स्त्री' येत असे. आई दुपारी सगळे आवरल्यावर ती वाची, मग शेजारच्या काकूंकडे जाई, मग आणखी कुठे. परत येईपर्यंत मुखपृष्ठ सुटलेले असे. आईने जन्मात किर्लोस्करांचा नांगर घेतला नाही की उसाचा चरक घेतला नाही. आमच्याकडे शेतीच नव्हती. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर आई म्हणजे कंपनीच्या लेखी वाया गेलेला खर्च. पण मुलीने बी.ए. करावे, नोकरी करावी, यात काही वावगे नाही, हे तिला जे वाटू लागले त्यात त्या दुपारच्या वाचनाचा मोठा वाटा होता असे मला नेहमी वाटते. मी शिक्षिका झाले त्याचा एक धागा असा एका नांगराच्या कारखान्यापर्यंत जातो. याची नोंद कुठल्या जमाखर्चात करायची?

हे फक्त आपल्याकडेच झाले असे नाही. अमेरिकेत जॉन डीअर ही नांगरांचीच कंपनी. तिने १८९५ मध्ये 'द फरो' नावाचे नियतकालिक काढले. फरो म्हणजे नांगराचे तास. शेतकऱ्याला शेतीचे ज्ञान द्यायचे आणि कडेला आपले नाव ठेवायचे. ते आजही निघते. आपल्या शंवाकींना ते ठाऊक होते की नव्हते, तो प्रश्न निराळा. पण नांगर विकणाऱ्या दोघांना दोन खंडांत एकच युक्ती सुचावी यात नवल नाही. दोघांपुढची अडचणच एक होती. नवी वस्तू आणि साशंक गिऱ्हाईक.

फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंची गोष्ट थोडी वेगळी. ते टायर करत. १९०० साली त्यांनी मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका छापली आणि तिच्या ३५,००० प्रती फुकट वाटल्या. त्या वेळी अख्ख्या फ्रान्समध्ये तीन हजारही मोटारी नव्हत्या! पेट्रोल कुठे मिळेल, टायर कसा बदलावा, मुक्काम कुठे करावा अशी माहिती तिच्यात असे. लोक हिंडले तर टायर झिजतील, हा हिशेब. १९२० पासून त्यांनी पुस्तिकेला किंमत लावली आणि १९२६ पासून चांगल्या खाणावळींना तारा देऊ लागले. आज त्या ताऱ्यासाठी मोठमोठे आचारी रात्रीचा दिवस करतात. टायरची आठवण कुणाला राहिली आहे?

मग नेहमीची जाहिरात काय वाईट होती? मुळीच नाही. ज्या वस्तूची ओळख करून द्यायला नको, फक्त आठवण द्यायची आहे, तिथे जाहिरातीसारखे साधन नाही. अमूलची ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६०च्या दशकापासून फलकावर आहे. लोणी म्हणजे काय हे ती कधी शिकवत नाही. दोन शब्दांची कोटी करते, आपण हसतो, पुढे जातो. याउलट चहाचे बघा. आज आपल्याला वाटते, की चहा आपल्या रक्तातच आहे. पण १९३०च्या दशकात चहाचा प्रसार करणाऱ्यांना गावोगाव प्रात्यक्षिके दाखवावी लागत, आणि चहा कसा करावा याच्या कृतीचे पत्र्याचे फलक रेल्वे स्टेशनांवर लावावे लागत. आधी शिकवणे आणि लोक शिकले की मग नुसती आठवण देणे, असा हा क्रम आहे. एक गेले म्हणून दुसरे आले असे नव्हे. एकाच घरातल्या या जावा आहेत. कधी एकीचे चालते, कधी दुसरीचे.

दोघी एकत्र नांदल्याचे उदाहरण म्हणजे आपली बिनाका गीतमाला. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपले मराठी गृहस्थ नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. आकाशवाणीने शास्त्रीय संगीत ऐकवावे असा त्यांचा आग्रह, आणि सिनेमाची गाणी जवळजवळ बंद. लोकांना तर गाणी हवीत. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून एका टूथपेस्टच्या नावाने गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री आठला अमीन सयानींचा आवाज यायचा आणि ज्यांच्याकडे रेडिओ असेल त्यांच्या ओसरीवर गल्ली जमायची. टूथपेस्टचे नाव बदलले तसे कार्यक्रमाचेही बदलून सिबाका झाले. २०२४ मध्ये सयानी गेले तेव्हा लोकांना गाणी आठवली, आवाज आठवला, आणि त्याच्याबरोबर ती टूथपेस्टही! अमेरिकेत १९३०च्या दशकात साबणाच्या कंपन्यांनी रेडिओवर कौटुंबिक मालिका चालवल्या, म्हणून त्यांना 'सोप ऑपेरा' म्हणू लागले. आपल्याकडे दूरदर्शनवरची 'हम लोग' ही १९८४ मधली पहिली प्रायोजित मालिका त्याच वाटेने आली.

इथपर्यंत सगळे गोड आहे. पण इतिहासाच्या तासाला मी मुलांना एक सांगत असे, की प्रत्येक चांगल्या युक्तीची नक्कल होते आणि नकलेत आधी गळतो तो प्रामाणिकपणा.

काही वर्षांपूर्वी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात गुडघेदुखीवर व्याख्यान झाले. वक्ते छान बोलले. हाडांची चित्रे दाखवली, व्यायाम सांगितले, आम्ही वह्यांत टिपून घेतले. शेवटच्या दहा मिनिटांत पिशवीतून एका औषधी तेलाच्या बाटल्या निघाल्या आणि व्यायामाने भागत नाही, तेल लागतेच, असे ठरले. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी पेन्शनमधून तीन महिन्यांचा कोर्स घेतला. गुडघा आहे तसाच आहे. त्यांना पैशांपेक्षा दुसरेच लागले. म्हणाल्या, "विकायला आलेत हे माहीत असते तर घासाघीस तरी केली असती. मी त्यांना सर म्हणत होते हो."

या एका वाक्यात सगळे आले. विक्रेता म्हणून समोर आला तर आपण सावध असतो, कारण बाजारात वावरायची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पण शिक्षक म्हणून आला तर आपण हात जोडून बसतो. जाहिरातीत अतिशयोक्ती असेल, पण ती "मी जाहिरात आहे" हे लपवत नाही. चौकट आखून बसते. ती चौकट पुसली की मोठा घोटाळा होतो. २००९च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत उमेदवारांची स्तुती बातमी म्हणून छापून आली. पी. साईनाथ यांनी ते उघड केले आणि 'पेड न्यूज' हा शब्द घरोघर पोहोचला. प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला. तिथे तर तेलाची बाटलीही नव्हती, मत विकले जात होते. आता समाजमाध्यमांवर शिफारशी करणाऱ्यांनी पैसे घेतले असतील तर तसे स्पष्ट लिहावे असा नियम जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये केला. म्हणजे पुसलेली चौकट पुन्हा आखायला घेतली म्हणायचे.

'किर्लोस्कर' या कसोटीला का उतरते ते आता ध्यानात येईल. कारखान्याचे नाव मुखपृष्ठावर, मोठ्या अक्षरांत, सगळ्यांत वर होते. कोणाच्या ओसरीवर बसून आपण वाचतो आहोत याची वाचकाला पूर्ण कल्पना होती. आणि दुसरे म्हणजे, नांगर न घेणाऱ्यालाही त्या वाचनाचा उपयोग होता. एवढ्या दोन गोष्टी पाळल्या तर व्यापाऱ्याने शिकवण्यात काहीच गैर नाही. उलट सरकारच्या आणि शाळांच्या आधी त्याने पुष्कळ शिकवले आहे. मी भाचीला हेच सांगितले: तुझे लिखाण माल न घेता वाचणाऱ्याच्याही उपयोगी पडू दे, आणि कंपनीचे नाव तळाशी बारीक अक्षरांत नको, डोक्यावर असू दे. ती म्हणाली, "पहिले जमेल मावशी, दुसरे साहेबांना विचारावे लागेल."

असो. साहेबांचे उत्तर अजून आलेले नाही.

आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर'चे जुने अंक असतील तर रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळा. लेखांबरोबर त्यातल्या जाहिरातीही बघा. कोणती चौकट कुठे आखली आहे, हे मला त्यात तपासायचे आहे. विदर्भातल्या आणि गोव्याच्या मंडळींकडे असतील तर विशेष कळवा. पोस्टाचा खर्च मी देईन.