१४९ कवट्यांची साक्ष

गेल्या महिन्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची कन्या मला भेटावयास आली होती. प्राचीन मानवी अस्थींचा अभ्यास हा तिचा विषय. पदव्युत्तर परीक्षेकरितां तिला स्वतंत्र संशोधन करून प्रबंध सादर करावयाचा आहे. निघतांना नमस्कार करून ती म्हणाली, “गुरुजी, माझीं मोजमापें आमच्या सरांच्या मताविरुद्ध गेलीं, तर मीं काय करावें?” मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलेलों नाहीं, सारें आयुष्य शाळेंत शिकविण्यांत गेलें. प्रबंध कसा लिहावा, हें मी तिला काय सांगणार? परंतु तिच्या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत एकदां दिलें गेलें आहे, आणि तें एका मराठी स्त्रीनें दिलेलें आहे. तीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम हा अभ्यास कशाचा, तें थोडक्यांत पाहूं. मनुष्याची वाणी त्याच्याबरोबर जाते. हाडें मात्र बोलत राहतात. कटीच्या हाडाच्या घडणीवरून सांगाडा स्त्रीचा कीं पुरुषाचा, हें बहुधा ओळखतां येतें. लांब हाडांचीं टोकें मधल्या दांड्याशीं सांधलीं गेलीं आहेत किंवा नाहींत, यावरून वाढत्या वयाचा अदमास होतो. बालपणीं उपासमार झाली किंवा मोठें दुखणें आलें, तर दांतांच्या कठीण आवरणावर आडव्या रेषा उमटतात. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. तेथें सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या घरांच्या जमिनीखालीं, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून, त्यांत पुरलेलीं लहान मुलें सांपडलीं. तीं काय खात होतीं, कां दगावलीं, हें लिहून ठेवणारा कोणी नव्हता. विचारावयाचें तें हाडांनाच. म्हणून साक्षीदाराच्या तोंडीं आपले शब्द घालावयाचे नाहींत, हा या शास्त्राचा पहिला धर्म होय.

हा धर्म पाळणें वाटतें तितकें सोपें नाहीं. माझीच एक चूक सांगतों. आमचें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें २००० फूट उंच. विज्ञानाच्या तासाला एका मुलानें उकळत्या पाण्याची उष्णता मोजून ९८ अंश हा आंकडा आणला. मीं म्हटलें, “पुस्तकांत १०० आहे, १०० लिही.” त्यानें मुकाट्यानें आंकडा खोडला. उंचावर हवेचा दाब कमी असल्यामुळें पाणी कमी अंशांवर उकळतें, हें पुढें कित्येक वर्षांनीं माझ्या वाचनांत आलें. मुलगा बरोबर होता. मास्तर चुकला होता. तो मुलगा आज कोठें असेल, मला ठाऊक नाहीं. पण त्याची ती खोडलेली ओळ अजून माझ्या डोळ्यांपुढें येते.

आतां मूळ हकीकतीकडे वळतों. ‘युगान्त’च्या लेखिका इरावतीबाई कर्वे यांना आपण सर्व ओळखतों. त्यांचा जन्म १९०५ सालीं ब्रह्मदेशांत मिंग्यान येथें झाला. शिक्षण पुण्यास झालें. मुंबई विद्यापीठांत डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखालीं १९२८ सालीं त्या एम. ए. झाल्या आणि त्याच वर्षीं पुढील अभ्यासाकरितां बर्लिनला निघाल्या. ज्यांनीं स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिलें, त्या सासऱ्यांना, म्हणजे धोंडो केशव कर्वे यांना, सुनेचें हें परदेशगमन पसंत नव्हतें. पति दिनकरराव मात्र पाठीशीं उभे राहिले. डॉ. जीवराज मेहता यांनीं कर्जाऊ रक्कम दिली आणि प्रवास घडला.

बर्लिनच्या डाहलेम भागांत १९२७ सालीं कैसर विल्हेल्म संस्थेनें मानवशास्त्राचें एक नवें संशोधनमंदिर उघडलें होतें. त्याचे संचालक प्राध्यापक ऑयगेन फिशर. याच गृहस्थांनीं १९०८ सालीं आफ्रिकेंतील जर्मन वसाहतींत जाऊन मिश्र संततीचा अभ्यास केला होता आणि वंशांची सरमिसळ होऊं नये असें मत मांडलें होतें. गोऱ्या युरोपीयांची विचारशक्ति श्रेष्ठ. त्यामुळें त्यांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग अधिक मोठा. आणि म्हणून त्यांच्या कवटीच्या दोन बाजू इतरांपेक्षां अधिक असमान असल्या पाहिजेत, असा त्यांचा तर्क होता. तो मोजमापांनीं पडताळण्याचें काम त्यांनीं या हिंदी विद्यार्थिनीकडे सोपविलें.

तिच्यापुढें १४९ कवट्या होत्या. एकेक कवटी हातीं घ्यावयाची, डाव्या आणि उजव्या बाजूचीं मापें ताडून पाहावयाचीं आणि तीं टिपून ठेवावयाचीं. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज. आणि प्रबंधाला गुण देणार तेच प्राध्यापक, ज्यांचा तर्क तपासावयाचा! मोजणी पुरी झाली तेव्हां असें दिसलें कीं, कवटीची असमानता आणि वंश यांचा कांहीं एक संबंध नाहीं. इरावतीबाईंनीं तसेंच लिहिलें. ‘मानवी कवटीची स्वाभाविक असमानता’ अशा अर्थाचें प्रबंधाचें नांवच आहे, आणि त्यांतील ‘स्वाभाविक’ हा शब्द पुष्कळ कांहीं सांगून जातो. प्राध्यापकांनीं पदवी दिली, पण गुण अगदीं खालच्या प्रतीचे दिले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत आढळते.

एका प्रबंधानें जगाची दिशा बदलली असें मात्र झालें नाहीं. १९३३ सालीं हिटलर सत्तेवर आला, आणि फिशर त्याच वर्षीं बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. वंशश्रेष्ठतेचा तर्क कायद्यांत उतरला. १९४२ सालीं फिशर निवृत्त झाले. त्यांच्या मागून आलेल्या संचालकांच्या काळांत ऑश्विट्झच्या छळछावणींतून मानवी रक्ताचे व अवयवांचे नमुने त्याच संस्थेंत येऊं लागले. ज्या घरांत एका मुलीनें खरा आंकडा लिहिला, त्याच घरानें पुढें काय पाहिलें, याचा विचार मनांत आला म्हणजे अंगावर कांटा येतो.

इरावतीबाई स्वदेशीं परतल्या. १९३९ सालीं डेक्कन कॉलेजांत पदव्युत्तर संशोधन सुरूं झालें, तेव्हांपासून त्यांचें कार्य तेथें चाललें. डॉ. सांकळिया यांच्यासमवेत उत्तर गुजराथेंत लांघणज येथें त्यांनीं उत्खननांत भाग घेतला. सूक्ष्म गारगोटींचीं हत्यारें वापरणाऱ्या प्राचीन माणसांचे सांगाडे तेथें मिळाले. १९७० सालीं त्या निवर्तल्या.

परंतु डाहलेमची गोष्ट तेथें संपत नाहीं. २०१४ सालीं त्या जुन्या संस्थेच्या शेजारीं खोदकाम चाललें असतां जमिनींतून मानवी हाडें निघालीं. पुढें पुरातत्त्वज्ञांनीं रीतसर उत्खनन केलें, तेव्हां सुमारें १६,००० तुकडे मिळाले. तुकडे किमान ५४ माणसांचे होते. त्यांत स्त्रिया, पुरुष, मुलें, सर्वच होतीं. कांहीं तुकड्यांवर डिंकाचे अंश होते, म्हणजे तीं संग्रहांतलीं हाडें असावींत. तीं कोणत्या लोकांचीं, हें आणखी चांचण्या करून ठरविण्याचा मोह होण्यासारखा होता. पण ज्यांच्या पूर्वजांवर अन्याय झाला त्या समाजांच्या प्रतिनिधींशीं विचारविनिमय होऊन तसें न करण्याचें ठरलें. कारण मेलेल्यांची पुन्हां वंशवार वांटणी करणें म्हणजे जुनाच अपराध नव्यानें करणें झालें असतें. मार्च २०२३ मध्यें तीं सर्व हाडें डाहलेमच्या दफनभूमींत आदरानें पुरण्यांत आलीं. केव्हां मोजावें आणि केव्हां मोजणें थांबवावें, हीं दोन्ही ज्ञानें या एकाच जागेनें जगाला दिलीं.

त्या मुलीला मीं ही हकीकत सांगितली, आणि शेवटीं म्हटलें, “बाळ, आंकडा सरांच्या मताविरुद्ध आला, तर प्रथम आपल्याच हातावर संशय घे. कांहीं दिवसांनीं, पहिला कागद झांकून, तेंच हाड पुन्हां मोज. दुसऱ्या कोणाकडून मोजवून घे. तरीहि आंकडा तोच राहिला, तर सरांचा मान राखून तोच लिही. ज्याचें हाड तुझ्या हातांत आहे तो हरकत घेऊं शकत नाहीं, हें विसरूं नकोस. आणि गुण कमी पडले, तर पडूं देत.” हें सांगतांना मला तो ९८ अंशांचा मुलगा आठवत होता. त्या वेळीं त्याला जें सांगावयास हवें होतें, तें या मुलीला सांगून झालें.