शिसे आणि दुधाचे दात

दिवाळी अंकाचा आणि शिशाचा संबंध आजच्या वाचकाला समजावून सांगावा लागेल. आता अक्षरे पडद्यावर उमटतात. आमच्या लहानपणी ती एकेक करून हाताने उचलावी लागत. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, पुण्यातल्या एका छापखान्यात जुळारी होते. गणपतीचे विसर्जन झाले की छापखान्यात दिवाळी अंकांची घाई सुरू व्हायची आणि आप्पा रात्री अकरा-अकराला घरी यायचे. त्या दिवसांत मालक प्रत्येक जुळाऱ्याला पावशेर दूध देत. दुधाने शिसे उतरते, असा सगळ्यांचाच समज होता. खिळ्यांत शिसे, अँटिमनी आणि कथील यांचे मिश्रण असे आणि त्यातला मोठा भाग शिशाचाच. एकदा त्यांनी माझ्यासाठी एक तुटका ‘ळ’ आणला. तो मी कित्येक दिवस सुपारीच्या खांडासारखा गालात धरून हिंडत होतो. आईने पाहिले तेव्हा ती रागावली, पण ती घाणीसाठी, शिशासाठी नव्हे.

पन्नाशीनंतर आप्पांचे उजवे मनगट लुळे पडले. हात पुढे केला की पंजा खाली लोंबे. डॉक्टरांनी वात म्हणून तेल चोळायला सांगितले. रक्त कोणी तपासले नाही. पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आले, की मनगट असे गळणे हे शिशाच्या बाधेचे अगदी जुने, पुस्तकी लक्षण आहे. तेव्हापासून या विषयावर जे हाती लागेल ते मी वाचीत आलो.

गंमत अशी, की या वाचनात मला भेटलेला पहिला ओळखीचा माणूस जुळारीच निघाला. बेंजामिन फ्रँकलिनने १७८६ साली म्हातारपणी आपल्या एका मित्राला पत्र लिहिले. तरुणपणी, १७२४ साली, तो लंडनच्या एका छापखान्यात कामाला होता. ओले खिळे शेगडीपुढे वाळवावेत आणि थंडीत गरम गरम हाताळावेत, ही सोय त्याला आवडली होती. तेव्हा एका जुन्या कामगाराने त्याला बजावले, की असे करशील तर हात गमावून बसशील. दोघांचे तसे झालेले आहे. हे सांगून फ्रँकलिन लिहितो, की शिशाचे हे दुष्परिणाम निदान साठ वर्षे तरी ठाऊक आहेत, आणि उपयोगी सत्य ठाऊक असूनही अंगवळणी पडायला किती काळ लागतो ते पाहा. त्याआधी १७६७ साली जॉर्ज बेकर या डॉक्टराने डेव्हनशरमधल्या पोटशुळाचे मूळ तिथल्या सफरचंदाच्या मद्यात आणि ते करण्याच्या शिसे लावलेल्या साधनांत शोधून काढले होते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या लॉकहार्ट गिब्सनने १९०४ साली दाखवून दिले, की मुलांना बाधा होते ती व्हरांड्याच्या कठड्यांवरच्या रंगातून. तो रंग उन्हाने भुकटी होऊन बोटांना लागे आणि बोटे तोंडात जात. क्वीन्सलँडने १९२२ साली यावर कायदाही केला. एवढे माहीत असताना पुढचे घडले, म्हणून मला त्याचे नवल वाटते.

१९२१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सच्या थॉमस मिजले या संशोधकाला असे आढळले, की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग किंचित मिसळले तर इंजिनाची खडखड थांबते. १९२३ साली ओहायोतील डेटन येथे हे पेट्रोल विक्रीला आले. नाव ठेवले ‘एथिल’. शिसे हा शब्द नावात येऊच दिला नाही. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथे, स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात, हे द्रव्य हाताळणारे कामगार भ्रमिष्ट झाले. काहींना बांधून ठेवावे लागले आणि पाचजण दगावले. कंपनीच्या एका माणसाचे म्हणणे पडले, की बहुधा अतिश्रमाने त्यांचे डोके फिरले असावे! महिनाअखेर मिजलेने वार्ताहरांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि त्याची वाफ मिनिटभर हुंगून दाखवली. हाच गृहस्थ आदल्याच वर्षी शिशाच्या बाधेने आजारी पडून विश्रांतीसाठी फ्लॉरिडाला जाऊन आला होता.

या प्रकरणावर २० मे १९२५ रोजी वॉशिंग्टनला परिषद भरली. देशाच्या आरोग्यखात्याचे प्रमुख, सर्जन जनरल ह्यू कमिंग, यांनी ती बोलावली होती. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा सांधा इथेच आहे, कारण सगळे एका छताखाली बसण्याचा तो पहिला प्रसंग होता. कारखानदारांच्या बाजूने फ्रँक हॉवर्ड यांनी हे द्रव्य जणू ईश्वरी देणगी असल्याचे सांगितले. समोर येलचे यांडेल हेंडरसन होते, आणि कामगारांच्या रोगांचा शोध घेत कारखाने पालथे घातलेल्या ॲलिस हॅमिल्टन होत्या. बाईंचा मुद्दा साधा होता: शिशाचा कारखाना एक वेळ आटोक्यात ठेवता येईल, पण रस्त्यारस्त्यावर उडणारे शिसे कोण आवरणार? एक समिती नेमली गेली. तिने डेटन आणि सिनसिनाटी येथील २५२ माणसे तपासली. १९२६ च्या जानेवारीत अहवाल आला, की बंदी घालण्यास सध्या सबळ कारण दिसत नाही. मात्र सरकारी पैशाने संशोधन चालू ठेवावे. अहवालातला पहिला भाग सर्वांनी उचलला आणि दुसरा विसरला गेला. पुढची चाळीस वर्षे या विषयावरचे बहुतेक संशोधन सिनसिनाटीच्या रॉबर्ट किहो यांच्या प्रयोगशाळेत, उद्योगाच्याच पैशावर झाले. त्यांचे सूत्र असे, की अपाय होतो हे आधी सिद्ध करून दाखवा. आणि सिद्ध करण्याची साधने जवळजवळ त्यांच्याच हाती!

मधल्या काळात एकटे बाल्टिमोर शहर आपल्यापुरते काम करीत होते. १९३२ च्या मंदीत तिथले गरीब लोक जुन्या मोटार-बॅटऱ्यांची खोकी चुलीत घालीत आणि त्या धुराने मुले आजारी पडत. तिथून आरोग्यखात्याचे या प्रश्नाकडे लक्ष गेले. १९३५ पासून ते फुकट रक्ततपासणी करू लागले. १९५१ साली शहराने घराच्या आतल्या रंगात शिसे घालण्यास बंदी केली. पण एका शहराची बंदी शेजारच्या शहराला कशी लागू व्हावी?

किहोंच्या मताला धक्का दिला तो डॉक्टराने नव्हे, तर दगडांचे वय मोजणाऱ्या माणसाने. क्लेअर पॅटरसन उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचे वय काढीत होते. १९५६ साली त्यांनी ते सुमारे ४५५ कोटी वर्षे म्हणून प्रसिद्ध केले, आणि तो आकडा आजही टिकून आहे. पण मोजणी करताना एक पीडा होती. टेबलावर, हवेत, केसांत, सगळीकडून शिसे नमुन्यात शिरे. एवढे शिसे आले कोठून, याचा त्यांनी पाठपुरावा केला, आणि १९६५ साली लिहिले, की आपण ज्याला सामान्य प्रमाण म्हणतो ते नैसर्गिक नव्हेच. सारी माणसेच शिशाने भरली आहेत. पुढे ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांनी याला साक्ष दिली.

मग आले हर्बर्ट नीडलमन, मुलांचे डॉक्टर. रक्तातले शिसे काही आठवड्यांत उतरते, हाडांत आणि दातांत मात्र ते साठून राहते. म्हणून मॅसॅच्युसेट्समधील चेल्सी आणि समरव्हिल या गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात त्यांनी शिक्षकांमार्फत गोळा केले. आपल्याकडे मुले पडलेला दात कौलांवर फेकतात; तिकडे तो प्रयोगशाळेत गेला. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्यांची बुद्धी आणि अवधान कमी भरले. यांतल्या एकाही मुलाला उघड रोग नव्हता. १९७९ साली हे प्रसिद्ध झाले. पुढे नीडलमन यांच्यावर शास्त्रीय गैरवर्तनाचा आरोप आला, चौकशा झाल्या आणि ते निर्दोष सुटले. पण उमेदीची वर्षे त्यात गेली.

सरकार या सुमारास जागे होत होते, पण तुकड्यातुकड्यांनी. १९७१ च्या कायद्याने रंगातल्या शिशाविरुद्ध शहरांना पैसा मिळू लागला. पेट्रोल पर्यावरणखात्याकडे, घरे गृहनिर्माणखात्याकडे, बाजारातला रंग ग्राहक-सुरक्षेकडे (त्यांनी १९७८ साली बंदी केली), रक्त आरोग्याकडे. व्यवहार असा, की आधी मुलाचे रक्त तपासायचे, त्यात शिसे सापडले की मग त्याच्या घराची भिंत पाहायची. भिंतीतले विष मुलाला घालून ओळखण्याची ही रीत! १९८१ साली हा पैसा इतर योजनांच्या रकमेत मिसळून टाकला आणि देशभरची मोजदादही थांबली. पेट्रोलवरचे नियम सैल करण्याचा घाटही त्याच वेळी घातला जात होता. तो फसला तो एका आलेखामुळे. १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधले शिसे जसे उतरले तसेच जनतेच्या रक्तातलेही उतरले, सुमारे ३७ टक्क्यांनी. हे दोन्ही आकडे वेगवेगळ्या खात्यांकडे होते. ते एका कागदावर आले मात्र, वादच उरला नाही. १९८६ पासून गॅलनला एक दशांश ग्रॅमची मर्यादा आली आणि १९९६ साली रस्त्यावरच्या वाहनांसाठी पूर्ण बंदी झाली.

१९८८ च्या कायद्याने राज्यांतल्या तपासण्या पुन्हा उभ्या राहिल्या. १९९२ च्या कायद्याने गृहनिर्माण, पर्यावरण आणि आरोग्य यांना एका दाव्याला बांधले, १९९७ साली अध्यक्षांनी सर्व खात्यांचे संयुक्त मंडळ नेमले, आणि २००० साली मंडळाने २०१० पर्यंतचा आराखडा मांडला. धोक्याची पातळी १९७१ साली दर डेसिलिटर रक्तात ४० मायक्रोग्रॅम होती. ती १९९१ साली १० आणि २०२१ साली ३.५ वर आली. १९७६-८० मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या शंभरातल्या ८८ मुलांत १० किंवा अधिक शिसे होते. १९८८-९१ मध्ये नऊंत. एवढे यश आले म्हणताच २०१२ साली अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्राची या कामाची रक्कम २.९ कोटी डॉलरवरून २० लाखांवर आणली गेली. दोन वर्षांनी, १९१४ नव्हे, २०१४ साली, फ्लिंट गावाने पाण्याचा स्रोत बदलला आणि जुन्या नळांतले शिसे मुलांच्या पोटात गेले. तेही मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी रुग्णालयातले आकडे जुळवले तेव्हा उघडकीस आले.

आपल्याकडे १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि २००० पासून देशभर. घरगुती रंगांना दशलक्षात ९० भागांची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तरीही २०२० साली युनिसेफच्या अहवालाने भारतात रक्तात ५ किंवा अधिक मायक्रोग्रॅम शिसे असलेली मुले सुमारे साडेसत्तावीस कोटी असावीत असा अंदाज दिला. जुन्या बॅटऱ्या गल्लीबोळांत वितळतात, भांड्यांची कल्हई, मसाल्याचा रंग, देवाचा शेंदूर, एकेक वाट निराळी, आणि प्रत्येक वाटेवरचे खाते निराळे. शेंदराचा उल्लेख केला की मंडळी रागावतात. पण मूळचा शेंदूर म्हणजे शिशाचीच तांबडी भस्म, हे जुन्या वैद्यांनाही ठाऊक होते.

आप्पांचा तो ‘ळ’ अजून माझ्या टेबलाच्या खणात, काड्यापेटीत आहे. परवा नातीने तो पाहायला मागितला. पहिलीत आहे, पुढचा दात नुकताच पडला आहे. मी तिला तो हातात दिला, उलटा ‘ळ’ सुलटा कसा छापतात ते कागदावर दाबून दाखवले आणि मग तिला साबणाने हात धुवायला पाठवले.