आजीचा श्याम

आजीचं कॅलेंडर वेगळंच होतं. "श्यामची आई लागला तेव्हा तुझा बाप रांगत होता," असं ती सांगायची. चित्रपट 6 मार्च 1953 रोजी लागला, हे मी पुढे शोधून काढलं. तिचा हिशेब बरोबर होता.

आजोबा अंबरनाथच्या विमकोत, काडेपेटीच्या कारखान्यात होते. बिऱ्हाड उल्हासनगरच्या कॅम्प पाचच्या कडेला. 'उल्हासनगर' हे नाव तेव्हा जेमतेम चार वर्षांचं. दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची कल्याण छावणी, फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि 8 ऑगस्ट 1949 ला हे नाव पडलं. आजी मात्र शेवटपर्यंत 'कॅम्प'च म्हणायची. आम्हीही तेच म्हणतो.

शेजारच्या बराकीत लाडकाण्याहून आलेली भाभी राहायची. कराचीला बोटीत चढण्याआधीच तिची आई गेली होती. भाभीचं मराठी भाजी घेण्यापुरतं, तरी आजी तिला लोकलने कल्याणला सिनेमाला घेऊन गेली. ओल्या पायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा श्याम आणि दगडावर पदर पसरणारी आई पडद्यावर आली, तेव्हा भाभीने आजीचा हात धरला आणि मध्यंतरापर्यंत सोडला नाही. परतताना गाडीत ती एकच शब्द बोलली, "अमां." हा प्रसंग आजीने मला किती वेळा सांगितला असेल! दर वेळी 'अमां' म्हणताना ती थांबायची.

"आजी, श्याम झालेला तो मुलगा पुढे कुठे गेला?"

"माधव वझे. पुण्याला इंग्रजीचा प्रोफेसर झाला. पेपरात नाटकांवर लिहितो." सांगताना तिचा आवाज जरासा उतरायचा. श्याम मोठा होऊन लोकांच्या नाटकांना बरं-वाईट म्हणतो, हे तिला पटत नव्हतं.

मला मात्र ते फार पटतं. मीही शाळा-कॉलेजात एकांकिका केल्या आणि मग गावातल्या बातम्या लिहू लागलो, म्हणून असेल. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, 1954 मध्ये, ज्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, त्याचा हा शाळकरी नायक. अख्ख्या महाराष्ट्राने त्याला एका वयात, एका नावात बसवून टाकलं होतं. वझ्यांनी अभिनय सोडला नाही, दिग्दर्शनही केलं, 'थ्री इडियट्स'मध्येही ते दिसले. पण वर्षानुवर्षं त्यांनी काळोखातली समीक्षकाची खुर्ची सांभाळली. ती खुर्ची सोपी नसते. तीन तास दुसऱ्याच्या कष्टांकडे पाहायचं, डोक्यात गरम आहे तोवर कागदावर उतरवायचं, आणि दुसऱ्या दिवशी ओळखीच्या नटाने मान वळवली तर तेही सोसायचं. उजेडात उभं राहिल्यावर पोटात कसा गोळा येतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या लेखणीला वेगळा हात असतो, असं मला वाटतं.

आणि ते पोर शाईच्या माणसांतच तर उभं होतं. साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे मूळ पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि पुढे 15 ऑगस्ट 1948 ला 'साधना' साप्ताहिक काढलं. चित्रपट पाहायला मात्र ते राहिले नाहीत. दिग्दर्शक आचार्य अत्रे 1940 पासून 'नवयुग' चालवत होते, 'मराठा' 1956 मध्ये यायचा होता. पडद्यावर 'प्रबोधन'चे प्रबोधनकार ठाकरे होते, वसंत बापटही होते. बापट पुढे 'साधना'चे संपादक झाले. वझ्यांनी या साऱ्या दिवसांवर 'श्यामची आई, आचार्य अत्रे आणि मी' हे पुस्तक लिहिलं. आजी ते वाचायला नव्हती.

7 मे 2025 ला वझे गेले. मला पहिला फोन आला तो भाभीच्या मुलाचा. सत्तरी उलटलेला, कॅम्प पाचात दुकान आहे त्याचं. "दादा, तुमच्या आजीचा श्याम गेला ना?" त्याचं मराठी आता माझ्याइतकंच चांगलं आहे. मग थोडा वेळ आम्ही दोघंही बोललो नाही.

संध्याकाळी बातमी करायला बसलो. मथळ्यात 'श्याम' घ्यावा की 'समीक्षक', यावर बराच वेळ अडलो. शेवटी 'नाट्यसमीक्षक माधव वझे यांचे निधन' असा केला. आजीला तो आवडला नसता. तिच्यासाठी पहिल्याच वाक्यात श्याम घातला.