साष्टींतील भट्टी आणि सरकारचें माप

बोरिवलीच्या पश्चिमेस खाडी ओलांडली म्हणजे गोराई लागतें. त्याच्या दक्षिणेस मनोरी आणि उत्तरेस उत्तन. मुंबईच्या अगदीं उशाशीं असलेल्या या गांवांस अजूनही एक तर होडीनें जावें लागतें, नाहीं तर भाईंदरवरून लांबचा वळसा घ्यावा लागतो. येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाच्या किंवा बाप्तिस्म्याच्या प्रसंगीं 'खिमाड' नांवाचें पेय पाहुण्यांस देण्याची चाल आहे. गांवठी दारूंत दालचिनीसारखे मसाले घालून तें ऊन ऊन देतात. सणासुदीचे 'फुगे'ही ही मंडळी पूर्वीं ताडीनें आंबवीत. म्हणजे माड-ताडाचा रस हा या किनाऱ्यावर केवळ व्यसनाचा विषय नव्हता. तो स्वयंपाकघरांतला आणि मांडवांतलाही पदार्थ होता. आमच्या शिकलेल्या वर्गास दारूचा इतिहास म्हटला कीं नाक मुरडण्याची संवय आहे, आणि तिला कारणेंही आहेत. तथापि ज्या वस्तूच्या करावर मुंबई इलाख्याच्या तिजोरीनें इतकीं वर्षें भिस्त ठेवली, तिच्याकडे इतिहासाच्या अभ्यासकानें पाठ फिरविणें बरें नव्हे.

गांवठी भट्टीची रचना वरवर पाहतां ओबडधोबडच. चुलीवर आंबवणाचें मडकें, त्याच्या तोंडावर पालथें दुसरें भांडें, सांध्यांस मातीचा लेप, आणि वाफ थंड पाण्यांत ठेवलेल्या घागरीकडे नेणारी एक नळी. मद्यार्क सुमारें ७८ अंशांवर उकळतो व पाणी १०० अंशांवर. परंतु यावरून आधीं सगळा मद्यार्क निघून जातो आणि पाणी मागें राहतें, असा जो समज शाळेंतल्या धड्यावरून होतो तो खरा नाहीं. दोन्ही एकत्रच वाफ होऊन उठतात. त्या वाफेंत मद्यार्काचें प्रमाण द्रवापेक्षां अधिक असतें, इतकेंच. म्हणून पहिल्या खेपेचा अर्क सौम्य निघतो आणि तो पुन्हां चुलीवर चढवावा लागतो. अबुल फज्लनें 'ऐन-इ-अकबरी'मध्यें उसाच्या रसापासून अर्क काढण्याच्या तीन रीती वर्णिल्या आहेत, आणि दोनदां गाळलेल्या अर्कास 'दुआतशा', म्हणजे दोनदां आगींतून गेलेला, म्हणतात असें सांगितलें आहे. तो हातास लावून विस्तवाजवळ धरला असतां ज्वाळा निघते पण हात भाजत नाहीं, अशी त्याची परीक्षाही त्यानें दिली आहे. वाचकांनीं ती करून पाहण्याच्या भरीस पडूं नये.

आतां या मडक्यांत एक मौज आहे. त्याची मान उंच असली व तिला वारा लागत असला, तर वर जाणाऱ्या वाफेचा कांहीं भाग तेथेंच निवून थेंबाथेंबानें परत खालीं पाझरतो. पाझरतां पाझरतां त्याची गांठ चढत्या उष्ण वाफेशीं पडते. वाफेंतलें पाणी थेंबांत उतरतें आणि थेंबांतला मद्यार्क वाफेबरोबर पुन्हां वर निघतो. जितका हा परतीचा पाझर अधिक, तितका अर्क तीव्र. युरोपांतील कारागिरांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हीच गोष्ट हेतुपुरस्सर साधली. उंच स्तंभांत एकावर एक सच्छिद्र ताटल्या बसवून त्यांनीं प्रत्येक ताटलीवर एकेक लहानसें ऊर्ध्वपातन घडवून आणलें, आणि मडक्याला ज्यासाठीं अनेक खेपा घालाव्या लागत तें काम एका खेपेंत करून दाखविलें. अशा स्तंभाचें १८३० सालीं पेटंट घेणारा ईनियस कॉफी हा पूर्वाश्रमीं आयर्लंडांतील अबकारी खात्याचा अधिकारी होता! चोरट्या भट्ट्यांवर छापे घालणाऱ्या गृहस्थानेंच सर्वांत अजस्र भट्टी बांधावी यांत विसंगति वाटेल. पण मला ती तशी वाटत नाहीं. हजार झोंपड्यांतल्या हजार मडक्यांवर पहारा बसवितां येत नाहीं. एका कारखान्याला मात्र एक कुलूप आणि एक कारकून पुरतो.

हा स्तंभ मोठाच असला पाहिजे असेंही नाहीं. न्यूझीलंडनें १९९६ सालीं स्वतःच्या वापरापुरता अर्क गाळण्यास मोकळीक दिली. तेथील हौशी लोक तांब्याच्या नळींत तांब्याची जाळी भरून कॉफीचेंच तत्त्व घरांत चालवितात. तेव्हां लहान भट्टीची अडचण यंत्रशास्त्राची नसून जमाखर्चाची होती, हें ध्यानांत ठेवून आपण साष्टीकडे परत येऊं.

साष्टी इंग्रजांनीं १७७४ सालीं मराठ्यांपासून घेतली. त्यानंतर पुष्कळ काळ दारूचे मक्ते दिले जात व गांवोगांवच्या भट्ट्या चालूं राहत. ही घडी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें मोडली. चार्ल्स प्रिचर्ड हे या खात्याचे कमिशनर. त्यांच्या धोरणानें मोहाची दारू सरकारी देखरेखीखालीं गाळली जाऊं लागली, उरण हें तिचें मोठें ठाणें झालें, आणि ताडा-माडांवरील कर चढला. कर आकारावयाचा तर दारूची तीव्रता ठरीव पाहिजे. म्हणून विलायती 'प्रूफ'चें माप आलें. शेंकडा ५७.१ मद्यार्क असलेलें मिश्रण तें प्रूफ. त्याहून २५ अंश खालचें व ६० अंश खालचें अशा दोन प्रती दुकानांत विकल्या जात. गांवची दारू हाताच्या अंदाजानें निघे, तिला आतां अंश आले.

एवढ्यावर भागलें नाहीं. मोहाचीं फुलें रानांत फुकट मिळत तोंवर भट्ट्या थांबणें शक्य नव्हतें. म्हणून १८९२ सालीं मोहाचा कायदा झाला, आणि ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत हीं फुलें बाळगण्यावरच निर्बंध पडले. वारली, ठाकूर, कातकरी यांचें तें टंचाईंतलें अन्न होतें. गुरांसही तीं घालीत. सरकारचें म्हणणें असें कीं, कमींत कमी खप आणि त्यांतून जास्तींत जास्त उत्पन्न हें आमचें धोरण आहे. हें अगदींच ढोंग होतें असें मी म्हणणार नाहीं. दारूपायीं धुळीस मिळालेलीं कुटुंबें त्या अधिकाऱ्यांनींही पाहिलीं असतील. परंतु ज्या कायद्यासाठीं भुकेल्या माणसाच्या टोपलींतलें फूल गुन्ह्याचा मुद्देमाल ठरवावें लागतें, त्याच्या मुळाशीं निव्वळ नीति असेल हें मला पटत नाहीं.

पुढें दारूबंदी आली: मुंबई शहरांत १९३९ सालीं पहिला प्रयोग, आणि १९४९ च्या कायद्यानें १९५० पासून सर्व राज्यांत. उत्पन्नावर पाणी सोडणारें हें धोरण इंग्रजांच्या धोरणाहून प्रामाणिक खरें. पण भट्टी तिनें विझली नाहीं. ती खाजणांतल्या तिवरांत शिरली. मोहाची व ताडीची जागा काळ्या गुळानें व नवसागरानें घेतली, आणि शहरांत 'आंटी'चे अड्डे निघाले. १९६० नंतरच्या दशकांत बंदी सैल झाली, परवान्यांची दुकानें वाढलीं. घरची भट्टी मात्र आजही गुन्हाच आहे.

या चोरट्या धंद्याचें शेवटचें रूप फार भयंकर आहे. मनोरीच्या खाडीपलीकडे मालाडच्या मालवणी वस्तींत जून २०१५ मध्यें शंभरांहून अधिक माणसें दारूनें मेलीं. तो भट्टीचा दोष म्हणतात, पण तें विष मडक्यांत तयार झालेलें नव्हतें. कारखान्यांत वापरलें जाणारें मिथेनॉल त्यांत आलें होतें. तें मद्यार्कासारखेंच दिसतें, जवळजवळ तसाच वास येतो, आणि पिणाऱ्यास कांहीं कळण्याच्या आंत दृष्टि जाते. गाळणारा व पिणारा जेथें एकमेकांस ओळखत होते तेथें अशी भेसळ खपणें कठीण होतें. आतां दोघांच्या मध्यें इतके दलाल आहेत कीं मडक्याची खरोखर जरूरच उरली नाहीं. पिंपांतून आणावें, पाणी घालावें, विकावें.

गोव्याचें नशीब निराळें. तेथें मातीच्या व तांब्याच्या भट्ट्या टिकल्या, ब्राझीलहून आलेल्या काजूच्या बोंडांपासून आधीं उर्राक व मग फेणी निघत राहिली, आणि २००९ सालीं काजूच्या फेणीस भौगोलिक उपदर्शनाची नोंदही मिळाली. पण पणजीच्या दुकानांतली बाटली हातांत घेऊन तिच्यावरचा कागद पाहा. तेथें बहुधा शेंकडा ४२.८ हा आंकडा छापलेला असतो. प्रूफाहून २५ अंश खालीं, म्हणजे हिशोबानें बरोबर तोच.