घुग्घुस
घुग्घुस हे महाराष्ट्रातील चंद्रपूर जिल्ह्याच्या चंद्रपूर तालुक्यात, वर्धा नदीच्या पूर्वेस वसलेले खाणगाव आहे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुका लागतो. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे ३२ हजार होती. तरीही २०२० च्या अखेरीस नगरपरिषद स्थापन होईपर्यंत गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडेच होता.

इतिहास

वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या इतिहासात घुग्घुसचे नाव १८७० च्या सुमारापासून येते. हा कोळसा गोंडवन खडकसमूहाच्या बाराकर स्तरांत सापडतो. ब्रिटिश सरकारने आपली पहिली मोठी खाण मात्र वरोरा येथे चालवली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे नेली. ती खाण १९०६ साली बंद पडली. घुग्घुस परिसरात कोळसा अजूनही निघतो. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर येथील खाणी सरकारी मालकीच्या झाल्या व १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडच्या वणी क्षेत्रात मोडू लागल्या. खाणकामासाठी तेलंगण, छत्तीसगड आणि उत्तर भारतातून आलेली कुटुंबे येथेच स्थायिक झाल्याने गावात मराठीबरोबर तेलुगू व हिंदीही सर्रास बोलली जाते. कोळशाच्या आधाराने पुढे सिमेंट व लोह उद्योग आले.

भूमिगत खाणी आणि भूस्खलन

जुन्या भूमिगत खाणींत कोळशाचे खांब राखून मधला कोळसा काढला जाई. छताचा भार या खांबांवर असतो. खाण सोडल्यानंतर पोकळीत वाळू भरली नसेल, तर पाणी मुरून आणि खांब झिजून अनेक दशकांनीही छत खाली येऊ शकते. अशा जमिनीवर वरून काहीच खूण दिसत नाही, आणि खाण बंद होऊन पिढी उलटली की वस्ती तिच्यावर सहज पसरते.

२६ ऑगस्ट २०२२ रोजी आमराई वॉर्डात याचा प्रत्यय आला. पावसाळ्यात, दिवसाउजेडी, एक राहते घर काही क्षणांत जमिनीत गडप झाले व त्या जागी खोल खड्डा उरला. हादरा जाणवताच घरातील माणसे बाहेर धावल्याने जीवितहानी टळली. खाली ब्रिटिशकाळातील बंद भूमिगत खाण असल्याचे सांगण्यात आले. प्रशासनाने परिसरातील दीडशेहून अधिक कुटुंबांना घरे सोडायला लावली. काहींची सोय शाळेत झाली, काहींनी नातेवाइकांकडे किंवा भाड्याने आसरा घेतला. यांतील बहुतेक जण मोलमजुरी करणारे होते. त्यांच्यापुढचा प्रश्न केवळ एका खड्ड्याच्या भरपाईचा नव्हता. उभी असलेली घरेही राहण्याजोगी उरली नव्हती, त्यामुळे पर्यायी जागा आणि कायमचे पुनर्वसन ही त्यांची मुख्य मागणी ठरली.